साखळीआधीची एक्केचाळीस वर्षे : भारतातील महिला फुटबॉल लीग कशी घडली

#धागा. थोडा लांबला आहे, सवडीने वाचावा.

ऑगस्ट २०२२. गोकुलम केरळ एफसी या क्लबचा महिला संघ उझबेकिस्तानात, ताश्कंदला पोहोचला होता. भारताची राष्ट्रीय लीग लागोपाठ दोनदा जिंकून हा संघ आशियाई क्लब अजिंक्यपद स्पर्धेसाठी गेला होता. आदल्या वर्षी जॉर्डनमधील अकाबा येथे याच स्पर्धेत त्याने तिसरे स्थान मिळवले होते. या खेपेस त्याहून वर जाण्याची उमेद होती. परंतु ताश्कंदला पाऊल ठेवताच बातमी कळली : फिफाने अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केले आहे. महासंघाचा कारभार न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकांच्या समितीकडे गेला होता, आणि फिफाच्या लेखी तो बाहेरचा हस्तक्षेप होता. निलंबन २६ ऑगस्टला उठले. तोवर स्पर्धा त्यांच्यावाचून सुरू झाली होती. एकही चेंडू न मारता मुली परत आल्या.

हा प्रसंग मी मुद्दाम आरंभी सांगितला. प्रशासकीय वाद पुरुषांच्या दालनात झाला होता, कागदपत्रे पुरुषांच्या सह्यांची होती, आणि त्याची पहिली प्रत्यक्ष किंमत एका महिला संघाने मोजली. भारतीय महिला फुटबॉलचा इतिहास वाचताना असे प्रसंग पुन्हा पुन्हा भेटतात. खेळाडूंनी मैदानावर काही मिळवायचे आणि मैदानाबाहेरच्या व्यवस्थेने ते अर्ध्यावर सोडून द्यायचे, असा हा क्रम आहे.

आता आपण मागे जाऊ. १९७५.

त्या वर्षी भारतीय महिला फुटबॉल महासंघाची स्थापना झाली आणि उत्तर प्रदेशातील सुलतानपूर येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. हा महासंघ पुरुषांच्या फुटबॉल महासंघाची शाखा नव्हता. ती स्वतंत्र संस्था होती, स्वतःच्या हिमतीवर चालणारी. आशियातही तेव्हा महिलांच्या फुटबॉलसाठी वेगळाच महासंघ होता आणि आशियाई महिला स्पर्धा तोच भरवत असे. पुरुषांच्या आशियाई महासंघात तो १९८६ मध्ये विलीन झाला. म्हणजे ज्या काळात भारतीय मुली आशियात पदके मिळवत होत्या, त्या काळात फुटबॉलच्या अधिकृत जगाच्या दृष्टीने त्या जवळजवळ अस्तित्वातच नव्हत्या.

पदके मिळवत होत्या, हे अतिशयोक्तीने लिहिलेले नाही. जानेवारी १९८० मध्ये केरळातील कालिकत येथे आशियाई महिला अजिंक्यपद स्पर्धा झाली. भारत अंतिम सामन्यात तैवानकडून हरला आणि उपविजेता ठरला. १९८१ मध्ये हाँगकाँगला तिसरे स्थान, १९८३ मध्ये बँकॉकला पुन्हा उपविजेतेपद. सुलतानपूरच्या पहिल्या स्पर्धेपासून आशियातील दुसऱ्या क्रमांकापर्यंत अवघी पाच वर्षे! त्या पिढीत बंगालच्या शांती मल्लिक होत्या. १९८३ चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू. गोव्याच्या योलांडा डिसोझा होत्या. ही नावे आज किती जणांना ठाऊक आहेत, हा प्रश्न मी स्वतःलाच विचारतो, कारण इतिहासात एम.ए. करायला घेईपर्यंत मलाही ती ठाऊक नव्हती.

मग पुढे काय झाले?

इंग्लंडशी तुलना केली की येथला पेच उलगडतो. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर डिक, कर लेडीज या कारखान्यातील कामगार मुलींच्या संघाचा सामना पाहायला सुमारे ५३,००० लोक आले होते. वर्षभरात, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या सदस्य क्लबांच्या मैदानांवर महिलांच्या सामन्यांना बंदी घातली. ती सुमारे पन्नास वर्षे टिकली. पश्चिम जर्मनीतही १९५५ ते १९७० अशी बंदी होती. भारतात अशी बंदी कधीच कुणी घातली नाही. वरवर पाहता हे आपल्याला अभिमानास्पद वाटेल. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यात एक अडचण दिसते. बंदीला तारीख असते, ठराव असतो, त्यावर सह्या असतात. म्हणून तिच्याविरुद्ध लढता येते आणि ती उठली की तो दिवस साजराही करता येतो. आपल्याकडे जे झाले त्याला नुसते दुर्लक्ष म्हणावे लागेल, आणि दुर्लक्षाचा ठराव कोणत्याही दप्तरात सापडत नाही.

नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी महिला फुटबॉलचा कारभार अखिल भारतीय महासंघाकडे आला. १९९१ मध्ये चीनमध्ये महिलांचा पहिला विश्वचषक झाला होता. जगभर पुरुषांच्या महासंघांनी महिला फुटबॉल आपल्या छत्राखाली घेण्याचा तो काळ. अधिकृत मान्यता मिळाली, राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा नव्याने सुरू झाली. आज ती राजमाता जिजाबाई करंडक या नावाने ओळखली जाते. या स्पर्धेवर मणिपूरने असे काही वर्चस्व गाजवले की त्याला जोड नाही. वीसहून अधिक विजेतेपदे एकट्या मणिपूरची आहेत. मणिपुरी स्त्रियांच्या सार्वजनिक जीवनातील स्थानाचा, तेथील बाजारपेठांचा, आंदोलनांचा धागा येथे ओढण्याचा मोह होतो. तो मी आवरतो, कारण दोन गोष्टी शेजारी दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे सिद्ध होत नाही. एवढे मात्र निश्चित की इंफाळमध्ये वस्तीवस्तीला क्लब होते आणि चांगले खेळणाऱ्या मुलीला मणिपूर पोलिसांत नोकरी मिळू शकत होती. ओइनम बेंबेम देवी आणि बाला देवी या दोघीही पोलीस खात्यात होत्या. इतर राज्यांतील मुलींना रेल्वेचा आधार होता.

आणि येथेच या धाग्याचा मुख्य प्रश्न येतो. राष्ट्रीय स्पर्धा होती, संघ होते, नोकऱ्याही थोड्याफार होत्या. मग लीग हवीच कशाला?

थोडे गणित करू. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा राज्यांच्या संघांची असते. राज्याचा संघ महिनाभर आधी निवडायचा, शिबिर घ्यायचे, रेल्वेने एखाद्या गावी जायचे, तीन-चार साखळी सामने खेळायचे आणि जिंकत गेलो तर बाद फेरीचे आणखी दोन-तीन. पंधरवड्यात सारे संपते. पहिल्या फेरीत बाहेर पडलेल्या राज्याच्या मुलीला वर्षभरात मिळालेले स्पर्धात्मक सामने किती? तीन. उरलेले साडेअकरा महिने सराव करायचा तो कशासाठी आणि कुणाच्या खर्चाने? राज्याच्या संघाला कायमचा प्रशिक्षक नसतो, स्वतःचे मैदान नसते, पुढच्या शनिवारी पुन्हा येणारा प्रेक्षक नसतो. हे सारे क्लबाकडे असते, आणि ठरलेले सामने असल्याशिवाय क्लब टिकत नाही. लीग म्हणजे मुळात वेळापत्रक. करंडक ही त्यातली नंतरची गोष्ट.

हे पुरुषांच्या बाबतीत महासंघाला कळले होते. ड्युरँड करंडक १८८८ पासून आणि संतोष करंडक १९४१ पासून चालू असूनही १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू करण्यात आली; कारण करंडकांच्या जोरावर व्यावसायिक खेळ उभा राहत नाही, हे तोवर उघड झाले होते. २००७ मध्ये तिची आय-लीग झाली, २०१४ मध्ये चित्रपट नट आणि क्रिकेटपटूंच्या मालकीच्या संघांची इंडियन सुपर लीग आली. या सगळ्या काळात महिलांसाठी राष्ट्रीय लीग नव्हती. २००९ मध्ये तर भारताचे नाव फिफाच्या महिला क्रमवारीतून वगळले गेले, कारण दीड वर्षाहून अधिक काळ राष्ट्रीय संघ एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळला नव्हता. एकेकाळी आशियात दुसरा असलेला देश आता यादीतच नव्हता. पुढल्याच वर्षी या संघाने दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेचे सुवर्णपदक आणि पहिले सॅफ अजिंक्यपद जिंकून दाखवले, हे जाता जाता नोंदवतो. संघ खेळायला तयार होता. त्याला खेळवणारे कुणी नव्हते.

शेवटी २०१६ उजाडले. सुलतानपूरनंतर एक्केचाळीस वर्षे आणि पुरुषांच्या राष्ट्रीय लीगनंतर वीस वर्षे.

इंडियन विमेन्स लीगची प्राथमिक फेरी ऑक्टोबर २०१६ मध्ये कटकला झाली आणि मुख्य फेरी २०१७ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर. मुख्य फेरीतील सहा संघांची यादी मला फार बोलकी वाटते. इंफाळची ईस्टर्न स्पोर्टिंग युनियन. कटकचा रायझिंग स्टुडंट्स क्लब. चेन्नईची जेप्पियार ही शिक्षणसंस्था. आय-लीगमधून आलेला ऐझॉल एफसी. हरियाणातील भिवानी जिल्ह्याच्या अलखपुरा गावाचा अलखपुरा एफसी; होय, एका गावाचा संघ देशाच्या लीगमध्ये! आणि सहावा, एफसी पुणे सिटी. सुपर लीगमधल्या झगमगत्या संघांपैकी महिला संघ घेऊन उतरलेला हा एकटाच. कोट्यवधींचा व्यवहार करणारे बाकीचे क्लब आले नाहीत, एक गाव आले. १४ फेब्रुवारी २०१७ रोजी ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने रायझिंग स्टुडंट्सला ३-० ने हरवून पहिली लीग जिंकली.

पण ती खरोखर लीग होती का? मराठीत आपण ‘साखळी’ हा शब्द दोन अर्थांनी वापरतो. एखाद्या स्पर्धेतील बाद फेरीपूर्वीचे सामने म्हणजे साखळी सामने, आणि वर्षभर चालणारी लीग हीसुद्धा साखळी. पहिल्या वर्षी जे झाले ते पहिल्या अर्थाने साखळी होते, दुसऱ्या अर्थाने नव्हते. सहा संघ, एकच मैदान, प्रत्येकी पाच सामने, मग उपांत्य आणि अंतिम. विजेत्या संघाने मुख्य फेरीत सातच सामने खेळले, तेही तीन आठवड्यांच्या आत. पुढच्या वर्षी सात संघ शिलाँगला जमले. अंतिम सामन्यात रायझिंग स्टुडंट्सने पेनल्टींवर परतफेड केली. त्यानंतर २०१९ मध्ये लुधियाना, विजेता तामिळनाडूचा सेतू एफसी. २०२० मध्ये बंगळूर. गोकुलमने इंफाळच्या क्रिफ्सा संघाला ३-२ असे हरवले. दरवर्षी नवे गाव, दरवर्षी उपरे मैदान. आपल्या संघाचा सामना आपल्या गावी पाहण्याचे सुख या लीगने आरंभीची काही वर्षे कुणालाच दिले नाही. तिला ‘लीग’ म्हणणे ही सदिच्छा होती. नाव आधी आले, वस्तू मागाहून आली.

तरीही मी तिला हिणवणार नाही. नावामुळेही काही गोष्टी घडतात. लीगचा विजेता ठरू लागला म्हणून आशियाई क्लब स्पर्धेत भारताचा प्रतिनिधी जाऊ शकला. परदेशी खेळाडू येऊ लागल्या. नेपाळची सबित्रा भंडारी येथे येऊन गोलांचा पाऊस पाडून गेली. बाला देवीला जानेवारी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सने करारबद्ध केले आणि मनीषा कल्याण गोकुलमकडून सायप्रसच्या अपोलोन क्लबात गेली व युरोपीय चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय ठरली.

कोविडने एक हंगाम पूर्ण गिळला. २०२२ मध्ये भुवनेश्वरला बारा संघ जमले आणि प्रत्येकाने अकरा सामने खेळले. बाद फेरी नव्हती, गुणतक्त्यावर विजेता ठरला. योगायोग असा की गोकुलम आणि सेतू शेवटच्या सामन्यात समोरासमोर आले, तेव्हा दोघांनीही तोवरचे सगळे सामने जिंकलेले होते. गोकुलमने तो ३-१ ने घेतला. त्यानंतर जे ताश्कंद घडले ते आपण आरंभी पाहिलेच.

त्याच वर्षीचा दुसरा घाव महाराष्ट्रात बसला. जानेवारी २०२२ मध्ये आशियाई करंडक मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे झाला. यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश होता. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर इराणशी पहिला सामना ०-० असा सुटला. दुसऱ्या सामन्यापूर्वी संघात कोविडचा असा प्रादुर्भाव झाला की मैदानात उतरायला आवश्यक तेवढ्या, म्हणजे तेरा, खेळाडूही उरल्या नाहीत. नियमानुसार भारताने स्पर्धेतून माघार घेतली असे धरले गेले आणि इराणविरुद्धचा निकालही रद्द झाला. आपल्या घरी भरलेल्या स्पर्धेत यजमानांच्या नावापुढे एकही सामना उरला नाही.

लीगचे खरे रूपांतर २०२३-२४ च्या हंगामात झाले. सात संघ, घरचे आणि परके मैदान, प्रत्येकी बारा सामने, डिसेंबर ते मार्च. ओडिशा एफसी विजेता. हे वाक्य रुक्ष दिसते, पण माझ्या मते या सगळ्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना हीच. त्यापूर्वी, २०२३ मध्येच, महासंघाने जाहीर केले होते की लीगमधील प्रत्येक क्लबने किमान दहा भारतीय खेळाडूंशी वर्षाला किमान ३.२ लाख रुपयांचे करार करावेत. महिन्याला सुमारे २६-२७ हजार. पुरुषांच्या लीगमधील आकड्यांपुढे हे नगण्य आहे. परंतु ज्या खेळात पोलीस वा रेल्वेची नोकरी हाच एकमेव पगार होता, तेथे खेळासाठी पगार ही कल्पनाच नवी होती. २०२४ मध्ये दुसऱ्या श्रेणीची लीगही सुरू झाली. म्हणजे वर चढण्याला आणि खाली घसरण्याला अर्थ आला. २०२४-२५ मध्ये आठ संघ, चौदा सामने, विजेता ईस्ट बंगाल. या क्लबाच्या पुरुष संघाने राष्ट्रीय लीग शेवटची जिंकली ती २००३-०४ मध्ये. एकवीस वर्षांचा तो दुष्काळ मुलींनी संपवला.

आणि ५ जुलै २०२५ रोजी थायलंडमध्ये, चिआंग माई येथे, भारताने यजमान थायलंडला २-१ ने हरवून २०२६ च्या आशियाई करंडकात स्थान मिळवले. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. १९८३ मध्ये बँकॉकला अंतिम सामन्यात ज्यांनी आपल्याला रोखले, तेच हे थायलंड. पात्रता फेरीतून, कुणाच्या यजमानपदाच्या कृपेने नव्हे, हे स्थान मिळाले. चौदा सामन्यांच्या लीगमुळे हा विजय मिळाला, असा सरळ कार्यकारणभाव मी मांडणार नाही. मात्र त्या संघातील मुली लीगच्या क्लबांतून आल्या होत्या आणि पूर्वीपेक्षा अधिक सामने खेळून आल्या होत्या, एवढे म्हणायला हरकत नसावी.

आता आपल्या दाराशी येतो, कारण हे सांगितल्याशिवाय धागा संपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिल्या लीगमधील एफसी पुणे सिटीचा महिला संघ दुसऱ्या वर्षी मुख्य फेरीत नव्हता, आणि २०१९ मध्ये तो क्लबच बंद झाला. त्यानंतर एफसी कोल्हापूर सिटी आला. कोल्हापूरला फुटबॉल म्हणजे काय हे ज्याने शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमींचे सामने पाहिले आहेत त्याला सांगायला नको. पाटाकडील आणि दिलबहारच्या सामन्याला जे शहर थांबते, त्या शहराच्या मुली राष्ट्रीय लीगमध्ये खेळल्या, ही साधी गोष्ट नव्हती. पुढे मुंबईचा पिफा आणि गोव्याचा सिर्वोडे एका हंगामात दिसले, मग मुंबई नाइट्स. आणि ज्या दोन हंगामांत घरच्या-परक्या मैदानांची खरी लीग झाली, त्या २०२३-२४ आणि २०२४-२५ मध्ये महाराष्ट्राचा वा गोव्याचा एकही संघ नव्हता. ज्या स्पर्धेला जिजाबाईंचे नाव दिले आहे तिचा अभिमान आपण बाळगतो. लीगच्या नकाशावर मात्र त्या दोन हंगामांत आपली जागा कोरी होती.

शेवटी एक विनंती. या विषयाच्या निबंधासाठी मी एका ग्रंथालयात सत्तर-ऐंशीच्या दशकांतील मराठी दैनिकांच्या बांधीव फायली काही दिवस चाळल्या. क्रिकेटचे धावफलक चेंडूगणिक सापडतात. महिला फुटबॉलचे निकाल मिळाले ते चार-सहा ओळींत. गोल करणाऱ्या मुलीचे नाव नसलेले, कधी आडनावापुरते. त्या खेळाडू आज साठीच्या पुढे आहेत. तुमच्या आई, मावशी, आत्या, शाळेतल्या क्रीडाशिक्षिका यांच्यापैकी कुणी महाराष्ट्राकडून किंवा गोव्याकडून खेळले असेल, तर घरातली छायाचित्रे, प्रमाणपत्रे, कात्रणे जपून ठेवा. छायाचित्राच्या मागे वर्ष, गाव आणि सोबतच्या मुलींची नावे त्यांच्याकडूनच विचारून पेन्सिलीने लिहा. शाईचा डाग पुढच्या बाजूस उतरतो.

पुढच्या धाग्यात सुलतानपूर.